ड्रोन, बचत गट आणि कोकण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गात ग्रामसंघाची बैठक असो की आंबा बागायतदारांचा मेळावा, 'ड्रोन दीदी'चा, म्हणजे महिला बचत गटांना फवारणीचा ड्रोन देणाऱ्या केंद्राच्या योजनेचा, विषय निघाला की तेच प्रश्न फिरून फिरून येतात. काही प्रश्न योजनेचे असतात, काही भीतीचे, आणि काही 'आमच्या वाटेला हे येणार आहे का' अशा शंकेचे. इथे ते एकत्र केले आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढची उत्तरं कुठून येतात ते कळेल. गेल्या काही वर्षांत केंद्र सरकारनं ड्रोनच्या क्षेत्रात शिरण्याची वाट खरोखर मोकळी केली आहे. पण फवारणीच्या योजना आखणाऱ्यांच्या डोळ्यासमोर सपाट, सलग शेतं होती. कोकणातली खाचरं, कातळ, गडगे आणि उंच कलमं त्या चित्रात नीट बसत नाहीत. म्हणून इथल्या बायकांनी आणि पोरांनी फक्त फवारणीच्या ड्रोनची वाट बघत बसू नये.

सरकारनं नेमकं काय मोकळं केलं?

आधी नियम इतके किचकट होते की छोटा माणूस त्या वाटेलाच जात नसे. २५ ऑगस्ट २०२१ ला 'ड्रोन नियम २०२१' आले. भरायचे अर्ज २५ होते, ते ५ झाले. शुल्काचे ७२ प्रकार होते, त्यातले ४ उरले. विमानतळाभोवतीचा पिवळा पट्टा, म्हणजे जिथे उडवायला परवानगी लागते तो, ४५ किलोमीटरचा होता, तो १२ वर आला. त्याच सप्टेंबरात देशी ड्रोन बनवणाऱ्यांसाठी १२० कोटींची उत्पादन प्रोत्साहन योजना आली. ९ फेब्रुवारी २०२२ ला तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली गेली, सुटे भाग मात्र आणता येतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ड्रोनवर सरसकट ५ टक्के जीएसटी आहे.

या सगळ्याचा तुमच्या-आमच्याशी संबंध एवढाच की आता ड्रोन उडवणं हे दहावी पास माणसाला शिकता येण्याजोगं काम झालं आहे.

पायलट व्हायला काय लागतं? पासपोर्ट लागतो असं ऐकलंय.

वय १८ ते ६५, दहावी पास, आणि डीजीसीएनं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं) मान्यता दिलेल्या संस्थेतून प्रशिक्षण. पूर्वी 'लायसन्स' होतं; फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीनं ते गेलं. आता प्रशिक्षण संस्थेतली परीक्षा पास झालात की 'रिमोट पायलट प्रमाणपत्र' मिळतं. ते १० वर्षं चालतं. सरकारी शुल्क १०० रुपये आहे, मात्र प्रशिक्षणाची फी संस्था ठरवते आणि ती हजारांत जाते. त्यामुळे 'शंभर रुपयांत पायलट' असं कुणी सांगितलं तर त्यावर जाऊ नका.

पासपोर्टची अट सप्टेंबर २०२३ मध्ये काढली. मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा वाहन परवाना यावर आता भागतं. दुरुस्ती दिसायला बारीक आहे, पण मला ती सगळ्यात मोलाची वाटते. आखातात जाणारे पुरुष असलेल्या घरांत पासपोर्ट असतो तो त्या पुरुषांचा. वाडीतल्या किती बायकांकडे स्वतःचा पासपोर्ट असतो? त्या एका अटीवर कितीतरी जणी फॉर्म भरायच्या आधीच बाद होत होत्या.

ड्रोन दीदी योजनेत गटाला किती पैसे घालावे लागतात?

पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०२३ ला लाल किल्ल्यावरून घोषणा केली आणि २९ नोव्हेंबर २०२३ ला मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. एकूण तरतूद १,२६१ कोटींची, लक्ष्य १५,००० महिला बचत गटांचं. ड्रोन आणि त्याच्या साहित्याच्या किमतीच्या ८० टक्के, पण जास्तीत जास्त ८ लाख रुपये केंद्र देतं. म्हणजे संच १० लाखांचा धरला तर २ लाख गटाचे. तेवढी रक्कम कृषी पायाभूत सुविधा निधीतून कर्जानं उचलता येते आणि व्याजात ३ टक्के सवलत मिळते.

गटातल्या एका सदस्याला १५ दिवसांचं प्रशिक्षण मिळतं: ५ दिवस उडवण्याचं, १० दिवस खतं-औषधं फवारण्याचं. शिवाय घरातल्या, विजेच्या किंवा यंत्राच्या कामाची आवड असलेल्या एखाद्या माणसाला ड्रोन सहायक म्हणून शिकवतात.

योजनेची मुदत २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतची आहे. त्यापुढचं काही गृहीत धरून गटाच्या वहीत आत्ताच २ लाखांचा ठराव लिहू नका. आधी तालुक्याला विचारा.

घाटावरच्या गटांना ड्रोन मिळाले. आमच्या गटाला का नाही?

रागावण्याआधी निवडीची पद्धत समजून घ्या. गट एकेकटे निवडत नाहीत, आधी पट्टे निवडतात: जिथे ड्रोन चालवणं परवडेल असे पट्टे. मग त्या पट्ट्यातले, राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाखालचे, म्हणजे आपल्याकडे 'उमेद'चे गट पाहतात. ऊस, सोयाबीन, कापूस अशी सलग पिकं जिथे आहेत तिथे दिवसाला वीसेक एकर उरकता येतात. आपल्याकडे जमीन गुंठ्यांत मोजतात, एका सातबारावर अकरा नावं असतात आणि चार खाचरांपलीकडे दुसऱ्याचा बांध लागतो.

आता माझी तक्रार. 'परवडणारा पट्टा' ही व्याख्याच सपाट प्रदेशाची बाजू घेते. डोंगरउतारावर माणसाच्या पाठीवरचा पंप वाहणं जास्त अवघड, मग ड्रोनची गरज तिथे जास्त नाही का? यावर उत्तर असं मिळतं की गरज आहे, पण धंदा बसत नाही. हे उत्तर चूक म्हणता येत नाही, पण त्यावर थांबणंही मला पटत नाही.

वर्षाला लाखभर रुपये सुटतात हे खरं का?

गटाला वर्षाला किमान १ लाखाचं जादा उत्पन्न मिळावं, अशी योजनेची अपेक्षा आहे. ती हमी नव्हे. हिशेब स्वतः करून बघा. समजा एकरी ४०० रुपये घेतले, तर एक लाख गोळा व्हायला २५० एकर फवारायला हवेत. त्यातून कर्जाचा हप्ता, बॅटरी, ने-आण करायला टेम्पो, सहायकाची मजुरी आणि पहिल्या वर्षानंतरचा विमा जाणार.

बॅटरीचं जरा सविस्तर सांगते, कारण बैठकीत याबद्दल कुणी बोलत नाही. भरलेल्या टाकीसह फवारणीचा ड्रोन एका बॅटरीवर साधारण दहाएक मिनिटं हवेत राहतो. म्हणून संचात जादा बॅटऱ्या देतात. त्या शेताच्या कडेला चार्ज करायच्या तर वीज हवी, आणि आपल्याकडे फेब्रुवारीच्या दुपारी वीज कधी येईल हे सांगता येत नाही. म्हणजे जनरेटर आला, त्याचं डिझेल आलं. बॅटरी उन्हात तापू द्यायची नाही, आपटायची नाही, पूर्ण रिकामी करून ठेवायची नाही. तिचं आयुष्य ठरलेलं असतं आणि नवी घ्यायला मोठी रक्कम लागते. पहिल्या कमाईतूनच बॅटरीचे पैसे बाजूला काढणारा गट टिकेल.

त्यात पावसाळा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात भाताच्या हंगामात उघडीप मिळेल तेव्हाच उडवायचं. आणि खारा वारा! समुद्राजवळ जोडण्या लवकर गंजतात. काम झालं की ड्रोन पुसून, सुकवून पेटीतच ठेवायचा.

हापूसच्या कलमांवर ड्रोननं फवारणी चालते का?

चालते, पण सगळीकडे सारखी नाही.

मोहोरावर येणारे तुडतुडे आणि भुरी, आणि अलीकडे बागायतदाराला रडवणारे फुलकिडे हे आपले मुख्य शत्रू. यांतले बरेच मोहोराच्या दांड्यात, पानांच्या खालच्या अंगाला, झाडाच्या आतल्या घेरात दडतात. ड्रोन वरून फवारतो. पंख्याच्या वाऱ्यानं पानं हलतात, थेंब थोडे आत जातात, पण जुन्या, दाट, मोठ्या कलमाच्या पोटात औषध पोचवणं वरून अवघड आहे. तिथे अजून खालून नळी धरून फवारणारा माणूसच लागतो. दुसरी अडचण पाण्याची: पंपानं एका मोठ्या झाडाला जेवढं द्रावण लागतं, तेवढ्यात ड्रोनची अख्खी दहा लिटरची टाकी संपते. ड्रोन कमी पाण्यात, बारीक थेंबांत काम करतो, त्यामुळे औषधाचं प्रमाण आणि मिश्रण वेगळं असतं. पंपाचं प्रमाण तसंच्या तसं टाकीत ओतलं तर मोहोर करपायला वेळ लागणार नाही.

उलट, छाटणी करून बुटकी ठेवलेली कलमं, घन लागवडीच्या नव्या बागा, काजूची तरुण झाडं आणि नारळ-सुपारीच्या शेंड्यावरचं काम इथे ड्रोनला वाव आहे. शेंड्यावर चढणारी माणसं मिळेनाशी झाली आहेत हे कुणाला सांगायला नको. भाताच्या सलग मळ्यांतही काम होतं.

कोणत्या किडीला कोणतं औषध ड्रोननं चालेल हे दुकानदाराला विचारू नका. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र आणि जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र यासाठीच आहेत. फवारणीच्या २४ तास आधी आजूबाजूच्यांना कळवायचं. विहीर, पऱ्या, ओढा, मधाच्या पेट्या आणि शेजाऱ्याची गुरं यांपासून लांब राहायचं. पहाटे वारा पडलेला असतो तेवढ्यात उरकायचं, कारण अकरानंतर खारं वारं सुटलं की औषध गडग्यापलीकडे जातं आणि मग भांडण ठरलेलं.

मुलीनं प्रशिक्षण घेतलं आणि लग्न होऊन गेली तर ड्रोनचं काय?

हा प्रश्न बहुधा सासवा विचारतात, आणि तो रास्त आहे. प्रमाणपत्र तिचं स्वतःचं, देशभर चालतं. ते ती घेऊन जाईल आणि तिकडे त्यावर काम करेल. ड्रोन मात्र गटाचा, तो गावातच राहणार. नवी पायलट तयार होईपर्यंत यंत्र पडून राहील आणि हप्ता चालू राहील. म्हणून दोघींना शिकवा, दुसरीचा खर्च गटानं किंवा ग्रामसंघानं उचलावा. आणि मुलगी जाणार म्हणून तिला पाठवूच नये, असा शहाणपणा कृपा करून करू नका.

कागदावर ती, आणि प्रत्यक्षात उडवणार नवरा. चालेल का?

नाही. नवऱ्याकडे स्वतःचं प्रमाणपत्र असेल तरच. नाहीतर नियमभंग होतो, दंड १ लाखापर्यंत आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. सहायक म्हणून त्यानं बॅटरी बदलावी, टाकी भरावी, टेम्पो चालवावा. रिमोट तिच्याच हातात हवा.

आमचा बचत गट नाही. शेतकरी म्हणून काही मिळतं?

कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून मिळतं. लहान व सीमांत शेतकरी, महिला, अनुसूचित जाती-जमातींचे शेतकरी यांना किमतीच्या ५० टक्के, कमाल ५ लाख. इतर शेतकऱ्यांना ४० टक्के, कमाल ४ लाख. भाड्यानं अवजारं देणारं केंद्र काढायचं असेल तर ४० टक्के, कमाल ४ लाख. तेच केंद्र कृषी पदवीधरानं काढलं तर ५० टक्के, कमाल ५ लाख. शेतकरी उत्पादक कंपनीला शेतावरच्या प्रात्यक्षिकांसाठी ७५ टक्क्यांपर्यंत.

माझ्या मते कोकणात एकट्यानं ड्रोन घेऊ नये. दहा-बारा वाड्यांनी मिळून उत्पादक कंपनीमार्फत घेतला तर २५० एकरांचं गणित निदान आवाक्यात येतं.

मी लग्नाचे आणि होमस्टेचे व्हिडिओ काढतो. मलाही प्रमाणपत्र लागेल?

पैसे घेऊन काढतोस ना? मग वजन बघ. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो', त्याला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. २५० ग्रॅम ते २ किलो 'मायक्रो', तो हौसेसाठी उडवला तर प्रमाणपत्र नको, धंद्यासाठी उडवला तर हवं. नोंदणी क्रमांक मात्र नॅनोलाही लागतो, त्याचं शुल्क १०० रुपये. नॅनो सोडून बाकी सगळ्यांना त्रयस्थ विमा सक्तीचा आहे.

खरं तर कोकणात ड्रोनवर पोट भरणारे आज सर्वाधिक हेच तरुण दिसतात, आणि कुठल्याच योजनेच्या फलकावर त्यांचं नाव नाही. त्यांनी प्रमाणपत्र काढलं तर पूल, रस्ते, सौर पॅनल, खाणी यांच्या पाहणीची कामंही त्यांना मिळू शकतात. शूटिंगपेक्षा त्यात पैसा बरा आणि हंगामाचं बंधन कमी.

भाऊ दुबईहून चांगला ड्रोन आणतो म्हणतोय.

त्याला सांगा, चॉकलेट आण. तयार परदेशी ड्रोन आणायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठी सूट आहे, तीही परवानगीनं. विमानतळावर कस्टम अडवेल. चुकून सुटलाच तरी नोंदणी क्रमांक कुठून आणणार?

आमच्या गावात उडवायला परवानगी लागते का?

'डिजिटल स्काय' या सरकारच्या ड्रोन पोर्टलवरचा नकाशा उघडा. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी नको. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात तीच मर्यादा २०० फूट. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते आणि लाल भागात केंद्र सरकारची.

कोकणात हे बघणं जास्त गरजेचं आहे. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, आणि भोगवे, देवबाग हे पर्यटकांचे आवडते किनारे तिथून किती जवळ आहेत ते नकाशावर दिसेल. रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाकडे आहे. सिंधुदुर्ग आणि जंजिरा हे केंद्राचे संरक्षित किल्ले. तिथे पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी लागते. होडीत बसून उडवला म्हणून सुटका होत नाही.

समुद्रावर सरकारचेच ड्रोन फिरतात. त्यात आमच्या पोरांना काम मिळेल?

जानेवारी २०२५ पासून राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागानं बेकायदा मासेमारीवर नजर ठेवायला ड्रोन सुरू केले. किनाऱ्यावर नऊ ठिकाणं. आपल्याकडची मिरकरवाडा, साखरीनाटे आणि देवगड. एलईडी दिवे लावून किंवा हद्द मोडून मासे मारणाऱ्या नौकांची चित्रं पुरावा म्हणून वापरायची, असा हेतू आहे. पारंपरिक मच्छीमारांची ही जुनीच मागणी होती.

पाण्यावरून ड्रोन फिरवणाऱ्याला वारं, भरती-ओहोटी आणि कुठली नौका कसली हे कळायला हवं. हे ज्ञान जेटीवर वाढलेल्या पोराकडे आयतं असतं, आणि प्रमाणपत्र नसल्यामुळे ते वाया जातं. काम ठेकेदारामार्फत जात असेल तरी स्थानिक प्रमाणित पायलट घ्या, असा आग्रह मच्छीमार सोसायट्यांनी धरायला काय हरकत आहे?

गावठाणावर ड्रोन फिरला, पण आमच्या घराची सनद आली नाही.

तो स्वामित्व योजनेचा ड्रोन. एप्रिल २०२० मध्ये ती आधी काही राज्यांत सुरू झाली आणि एप्रिल २०२१ पासून देशभर. महाराष्ट्रात त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत प्रयोग झाला होता. आधी मिळकतींच्या हद्दीवर चुना टाकतात, मग भारतीय सर्वेक्षण विभाग वरून चित्रं घेतो, भूमी अभिलेख चौकशी करतं आणि मिळकत पत्रिका तयार होते. पण हे गावठाणापुरतं. आपली घरं वाड्यांत विखुरलेली, बरीचशी शेतजमिनीच्या सर्व्हे नंबरात. ती यात येत नाहीत. चौकशी भूमी अभिलेख कार्यालयात करा, ड्रोनवाल्याला धरून उपयोग नाही.

इंजिनिअरिंगला असलेली मुलं स्वतः ड्रोन बनवू शकतात का?

हो. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेनं आपल्या आवारात, हिरव्या भागात, संशोधनासाठी उडवलेल्या ड्रोनला नोंदणी, प्रकार प्रमाणपत्र (ड्रोनच्या मॉडेलला मिळणारी मान्यता) आणि पायलट प्रमाणपत्र यांतून सूट आहे. मान्यताप्राप्त स्टार्टअपलाही अशीच सूट आहे. उत्पादन प्रोत्साहन योजनेतही लहान उद्योगांसाठी उलाढालीची अट कमी ठेवली होती: ड्रोनसाठी २ कोटी, सुट्या भागांसाठी ५० लाख. तरी कोकणात बसून २ कोटींची उलाढाल दाखवणारे किती निघणार!

मला दुरुस्तीचं काम जास्त जवळचं वाटतं. बिघडलेला ड्रोन पुण्याला पाठवायचा आणि मोहोराचे पंधरा दिवस हातावर हात धरून बसायचं, हे परवडणारं नाही. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या मुलामुलींनी कंपन्यांशी बोलून तालुक्याला एक दुरुस्ती केंद्र काढलं तर त्याला गिऱ्हाईक शोधावं लागणार नाही.

ड्रोननं वानरं पळतील का?

पहिले काही दिवस पळतील. वानरं आपल्याहून लवकर शिकतात.

अर्ज कुठे करायचा?

ड्रोन दीदीसाठी उमेदच्या तालुका कक्षात. आपल्या सीआरपी ताईला, म्हणजे गावात उमेदचं काम बघणाऱ्या ताईला, आधी विचारा. गटाचं दप्तर, बँक खातं, कर्जफेड चोख असायला हवी. यांत्रिकीकरणाच्या अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टल आणि तालुका कृषी अधिकारी. प्रशिक्षणाला पैसे भरण्याआधी संस्थेचं नाव डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे ना, आणि प्रमाणपत्र कुठल्या वजनाच्या ड्रोनसाठी मिळणार, हे दोन्ही बघा. फवारणीचा ड्रोन 'स्मॉल' म्हणजे २ ते २५ किलोच्या गटात येतो; मायक्रोचं प्रमाणपत्र घेऊन आलात तर तो उडवता येणार नाही.